मोकळा माळ

वरची वस्ती, नेकनूर
१८ नोव्हेंबर २०२२

आसाराम,

तुमी दोघं उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, त्या कोपीवर, सुखरूप पोचलात, एवढं शेजारच्या रामेश्वरनं हातवारे करून सांगितलं. फोन माझ्या कानाला लावलाच होता त्यानं, पण माझ्या कानाचं तुला माहीत हाय. नुसतं गुंगुं होतं, आन फोनात बोलणाऱ्याचे ओठ दिसत न्हाईत. तवा आपला कागदच बरा. सातवी शिकल्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. हे पत्र ट्रॅक्टरवाल्या विजयसिंहापाशी देते. वाटंत हरवलं तर त्याचे कान उपट.

तुमचा ट्रॅक्टर वळणाआड गेला तशी मी भुऱ्याची दोरी सोडली. मग खालच्या अंगाला जाऊन बाकीच्यांची. ऊसतोडीला जाताना कुत्री मागं धावू नयेत म्हणून तुमी सगळे त्यांना गूळभाकर घालून दाराला बांधता आन निघून जाता. सोडायचं काम मात्र मागं राहिलेल्या माझ्यासारखीचं. यंदा निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. भुऱ्या फाट्यापर्यंत धावला, जीभ बाहेर काढून परत आला आन तुमच्या कुलपाचा वास घेत बसला. त्याला मी घालते भाकर. बाकीच्यांना कुठून घालू? माझं घर काय धर्मशाळा हाय?

वर्षू बरी हाय. तुमच्याबिगर पहिल्यांदा राहिली, दोन दिवस तोंड फुगवून होती, आता सकाळी माळावरच्या वाटंनं नेकनूरच्या शाळंला जाते. वनमालाला म्हणावं, वेणी मी घट्ट घालते, काळजी करू नको.

पण काल लई वंगाळ झालं. तुझी पांढरी शेळी आन तिचं करडू गेलं. विहिरीजवळच्या आपल्या वाडग्यात, घराच्या मागंच. मला तर काय ऐकू येणार! सकाळी बघते तर दोघंही मागून फाडलेली. मांड्यांचे लचके तोडलेत, बाकी सगळं तसंच टाकलंय. करडाला तर खाल्लंच न्हाई, नुसतं मारलं. मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. सगळे म्हणतात, माळावरचं लांडगं. मी पण त्याला दिवसभर शिव्या घातल्या.

अक्का

कोपी, कराडच्या बाजूला
२७ नोव्हेंबर २०२२

अक्का,

पाया पडतो. पत्र वाचलं आन माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पांढरी शेळी वर्षूनं हातानं दूध पाजून वाढवलेली. त्या लांडग्याला काय दुसरीकडं मरण आलं नव्हतं का?

मी इथं दिवसभर ऊस तोडतो आन डोळ्यापुढं वर्षू येते. ती त्याच माळावरनं शाळंला जाते, अक्का. आज शेळी, उद्या कोण? पहिल्या वर्षापासून ती आमच्याबरोबर उसात हिंडली. दर साली शाळा अर्धी सुटली. तरी मास्तर म्हणाले, पोरीचं डोकं चांगलं हाय. म्हणून यंदा काळजावर दगड ठेवून तुझ्यापाशी ठेवली. माझ्या घरातली ही एक पोरगी कोयता हातात धरणार न्हाई, असं मी वनमालाला बोललोय. तिची शाळा एका जनावरापायी बुडू देतो होय?

तर मी रामेश्वरला फोनवर सांगितलंय. आमच्या पत्र्याखाली फवारणीचं औषध हाय, ते घे आन मेलेल्या शेळीत घालून ओढ्याच्या दरडीला टाक, जिथं त्यांची बिळं हायती. तू मधी पडू नको. तुझं आपलं नेहमीचं, बापानं असं सांगितलं आन बापानं तसं सांगितलं. बाप गेला, त्याचा जमाना गेला.

इथं बी सुख न्हाई. उसात बिबट्या हाय. आमच्या अड्ड्यावर टोळीमागं आलेली चार-दोन कुत्री होती, ती एक एक करून सगळी उचलली त्यानं. आता इथं एक कुत्रं उरलं न्हाई. तिकडं लांडगं, इकडं बिबट्या. माणसानं जावं कुठं?

वर्षूला म्हण, मी येताना रंगपेटी आणणार हाय, तिचे दादा विसरणार न्हाईत.

आसाराम

वरची वस्ती, नेकनूर
९ डिसेंबर २०२२

आसाराम,

तुझं पत्र मला काल मिळालं आन रामेश्वरनं तुझं काम त्याच्या आधीच उरकलं. एवढी कसली घाई रे? मला विचारायचं तरी! बहिरी झाले म्हणून काय येडी झाले?

मी वाडगं नीट बघितलं होतं. रडून झाल्यावर माणसाला दिसायला लागतं. आपण दोघं बापामागं शेळ्या घेऊन हिंडलेले, तुला आठवंना का? लांडगं नरडं धरतं आन एक उचलून घेऊन जातं. मागून फाडून, चार ठिकाणी चावून, न खाता टाकून जात न्हाई. त्याला पोरं पोसायची असत्यात, त्याला असला खेळ परवडत न्हाई. वर्षाकाठी एखादी शेळी त्याची, असं धरूनच बाप चालायचा, शिव्या पण द्यायचा, पण बिळाला कधी हात लावला न्हाई. वाडग्याभोवती जे पाय उमटलेत ते आपल्या वस्तीतल्या कुत्र्यांचे हायत. मीच दोऱ्या सोडलेल्या कुत्र्यांचे. तुमी गेल्यापासून त्यांना कोण खायला घालतंय?

ओढ्याच्या दरडीला मी स्वतः गेले बघायला. नर एकीकडं पडलेला, पाय ताठ. मादी बिळाच्या तोंडाशी, पोटुशी होती. आन तिसरं गेल्या सालचं तरणं पोर. दोन घारी आन एक मुंगूस पण. मला वाईट वाटलं म्हणून लिहिते, तू हसलास तरी चालंल. रामेश्वर मिशीला पीळ देत होता. म्हणाला, आता माळ मोकळा.

शेळ्या मी घरात घेते आता.

अक्का

कोपी, कराडच्या बाजूला
२२ डिसेंबर २०२२

अक्का,

तुझं पत्र वनमालानं मला वाचून दाखवलं, माझे हात मोळ्या बांधण्यात गुंतलेले. ती म्हणाली, ताईंचं खरं असंल. बायका एक झाल्या की माझं काय चालतंय!

पण मला पटंना. आपली कुत्री आपल्याच शेळ्या कशाला मारतील? भुऱ्या तर वर्षूच्या पायात वाढला. पिल्लू होता तवा तिच्या दप्तरात झोपायचा. बाहेरची कुत्री आली असतील कुठली तरी. आन समजा आपलीच असली तरी भुकेपायी झालंय ते. पोटात पडलं की जनावर वळणावर येतं.

वर्षूला सांग, रोज एक भाकर जास्त टाकायची आन भुऱ्याला नावानं हाक मारायची. तिचा आवाज तो ओळखतो. तो आला की बाकीची पण येतील, दाराशी पडून राहतील, राखण होईल. मी सांगितलंय म्हणून सांग, म्हणजे ती ऐकंल.

लांडग्यांचं मला वाईट वाटत न्हाई. माझी पोरगी त्या वाटंनं आता बिनघोर जाते, मला एवढं पुरं.

आसाराम

वरची वस्ती, नेकनूर
१६ जानेवारी २०२३

आसाराम,

तिळगूळ पाठवलाय विजयसिंहाबरोबर, वर्षूनं वळलेत लाडू, वाकडेतिकडे दिसले तर नावं ठेवू नको.

पोरगी तुझ्या पत्रावर लई खूष. रोज शाळंतून आली की दप्तर टाकते, भाकर घेते आन मागच्या बांधावर जाऊन “भुऱ्या, भुऱ्या” करते. मला ऐकू येत न्हाई, पण तिची मान उंच झालेली दिसते. पहिले आठ दिवस आला तो. दुरून भाकर तोंडात धरून पळायचा. आता आठवडा झाला, येत न्हाई. खालच्या अंगाची दगडाबाई म्हणते, कुत्री माळावरच राहत्यात. आधी त्यांची वस्ती सोडून पलीकडं जायची छाती नव्हती. एखादं गेलं तर लांडगं त्याला फाडायचं, माघारी यायचं न्हाई. आता कुणाची भीती उरली न्हाई. तिकडंच झोपत्यात, तिकडंच विल्यात. आपल्याकडं आता ती वेगळ्या नजरेनं बघत्यात. मला ती नजर आवडत न्हाई.

आन तुझ्या रामेश्वरचा हरभरा हरणांनी आन डुकरांनी साफ केला. मिशीला पीळ देणारा आता पहाटंपर्यंत डबा वाजवत हिंडतोय. मला हसू आलं, मग हसू जिरलं, कारण आपली ज्वारी पण त्याच शिवारात हाय.

वर्षूला मी शाळंच्या वाटंनं सोडायला जाते हल्ली. काठी घेते. ती म्हणते, आत्या, पोरी हसत्यात. हसू दे म्हणलं.

अक्का

वरची वस्ती, नेकनूर
२१ फेब्रुवारी २०२३

आसाराम,

तू आलतास तवा दवाखान्यात मी तुला हे सांगितलं न्हाई. तू पण विचारलं न्हाईस. वनमाला माझ्याकडं बघत होती आन मी फरशीकडं. तू आता परत कोपीवर गेलास, तर लिहिते. न लिहिता माझा जीव शांत व्हायचा न्हाई.

त्या दिवशी शाळंतून मीच तिला आणली. घरात आल्यावर मी पाठमोरी होऊन गोवऱ्या रचत बसले. ती भाकर घेऊन बांधावर गेली. रोजचंच. भुऱ्या आला होता म्हणे, लई दिवसांनी. ती बांध उतरून त्याच्याजवळ गेली. त्यानं भाकर घेताना तिचा हातच धरला. तिनं ओरडून हात ओढला आन पडली. पडल्यावर बाकीची आली. आसाराम, पोरगी मला हाका मारत होती. आत्या आत्या म्हणून ओरडत होती. दगडाबाईला पार तिच्या घरात ऐकू गेलं. मी गोवऱ्या रचत होते. दगडाबाई पळत माझ्यासमोरून गेली तवा मी उठले.

मी काठीनं किती मारलं मला आठवत न्हाई. रामेश्वर पण धावला, त्याला दोष देऊ नको, त्यानंच तिला उचलून गाडीवर घातली. नेकनूरला पट्टी बांधली आन बीडला पाठवलं. पुढचं तुला माहीत हाय.

डॉक्टर म्हणत्यात मांडीचं मांस भरून यायला दिवस लागतील, पाय थोडा ओढत चालंल. सुया सगळ्या झाल्या. जखमंवर इलाज हाय. पण लांब कुठं कुत्रं भुंकलं की ती चादर तोंडात कोंबून बसते. मला भुंकणं ऐकू येत न्हाई. तिच्या तोंडाकडं बघून कळतं.

तुला माझा राग आला असंल तर येऊ दे. मला माझाच लई येतो.

अक्का

कोपी, कराडच्या बाजूला
६ मार्च २०२३

अक्का,

राग तुझा न्हाई. भाकर टाक, नावानं हाक मार, हे मी लिहिलं होतं. तू न्हाई. ते पत्र तू फाडून टाकलंस का ठेवलंस? ठेवलं असशील तर फाड.

एक गोष्ट तुला सांगितली न्हाई. वनमालाला पण न्हाई. मी परत निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या माणसांनी माळावरची कुत्री मारायचं ठरवलं. औषध तेच, आपल्याच पत्र्याखालचं, उरलेलं. सगळ्यांनी खाल्लं, भुऱ्या जवळ येईना. रामेश्वरच्या हातचं घेईना. तवा मी गेलो. मी हाक मारली आन तो आला, अक्का. कान पाडून, शेपूट हलवत, पोटावर सरपटत आला. कित्येक महिन्यांनी मालक घरी आला म्हणून त्याला आनंद झाला होता. माझ्या हातची भाकर म्हणून त्यानं खाल्ली. मी तिथंच बसून राहिलो, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. वर्षूला म्हणलं, तो पळून गेला.

लांडग्यांचं मला वाईट वाटत न्हाई असं मी लिहिलं होतं. आता वाटतं. पण आता वाटून काय उपयोग!

वर्षू फोनवर एकच म्हणते, मला त्या वाटंनं जायचं न्हाई. पुढच्या साली काय करायचं ते मला दिसायला लागलंय आन ते मला लिहवत न्हाई.

आसाराम

वरची वस्ती, नेकनूर
१९ नोव्हेंबर २०२३

आसाराम,

तुमी तिघं गेलात. मी ट्रॅक्टरमागं बघत उभी राहिले, वर्षू माझ्याकडं बघत न्हवती, मुद्दाम. पाय ओढत चढली, तू हात दिलास. मी किती विनवलं तुला, मी रोज सोडते, रोज आणते, दोन काठ्या घेते. तिनंच न्हाई म्हणलं, तर तू तरी काय करणार? पण मला वाटलं होतं तू एकदा तरी जोर लावशील.

शाळंतल्या बाई परवा घरी आल्या होत्या. त्यांच्या ओठांवरनं मला कळालं, विचारत होत्या, वर्षाराणी का येत न्हाई. मी म्हणलं, आईबापाबरोबर गेली. त्या उठून गेल्या. अशी किती पोरं त्यांनी जाताना बघितली असतील! तिची वही माझ्यापाशीच राहिली.

माळावर आता काहीच न्हाई. डुकरं दिवसाढवळ्या फिरत्यात, ज्वारीची ताटं आडवी. उंदीर एवढे झालेत की कणगीला भोकं पडली. रात्री पूर्वी लांडगं ओरडायचं तवा सगळी वस्ती शेळ्या मोजायची, असं दगडाबाई म्हणते. आता मोजायला शेळ्या न्हाईत, मी विकून टाकल्या.

आन यंदा लोकांनी नवी कुत्री पाळलीत. जुनी मेली तर राखणीला पाहिजेतच की! जाताना गूळभाकर घालून दाराला बांधून गेले. मी तीन दिवस सोडली न्हाईत. दोऱ्या ओढून ओढून गळ्यातून रक्त आलं त्यांच्या. मग सोडली. न सोडून काय करू? माझ्यासमोर बांधलेलं मरू देणं मला जमत न्हाई. सोडली, आन घरात येऊन कडी लावली.

वर्षूला म्हणावं आत्याला दोन ओळी लिही.

अक्का

कोपी, कराडच्या बाजूला
५ डिसेंबर २०२३

आत्या,

सा. नमस्कार. दादांनी तुझं पत्र मला वाचायला दिलं. मी बरी आहे. तू जेवत जा.

मी सकाळी आईबरोबर जाते. ऊस तोडायला अजून लावलं न्हाई, मी उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करते आन मोळ्या बांधते. पाय दुखतो पण बसून पण बांधता येतं. कोयता दादा मला हातात घेऊ देत न्हाईत. परवा मी नुसता उचलला तर त्यांनी हिसकावून घेतला आन मग लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. माझी वही तुझ्यापाशी आहे ती पाठवू नको. इथं उसाच्या पाचोळ्यात खराब होईल. तू तिच्यातला इतिहास वाच, सोपा आहे.

भुऱ्याचं मला माहीत आहे. मी दादांना सांगितलं न्हाई की मला माहीत आहे. तू पण सांगू नको.

आत्या, इथं उसात बिबट्या आहे. मी त्याचे पाय बघितले, चिखलात, माझ्या तळहाताएवढे. सगळ्यांना त्याची लई भीती वाटते. काल टोळीतली माणसं म्हणाली की मेलेल्या शेळीत औषध घालून ठेवू, म्हणजे लेकराबाळांना धोका न्हाई. ते दादांना म्हणाले, आसाराम, तुला हे काम येतं. दादा कोयत्याला धार लावत राहिले. हो पण म्हणले न्हाईत आन न्हाई पण म्हणले न्हाईत.

तर तू दादांना लिही. माझं नाव सांगू नको, तुझंच म्हणून लिही. बिबट्याला मारू देऊ नका म्हणावं. मला पण भीती वाटते त्याची, कोपीला दार न्हाई, नुसता पडदा आहे. पण तो आहे म्हणून इथं एक पण कुत्रं न्हाई. कुठंच भुंकत न्हाई. मी पडते आन मला झोप लागते. घरी लागत न्हवती, तू बघितलंस. इथं लागते. म्हणून लवकर लिही.

तुझी
वर्षू